नव्या पितळेला जुनं रूप द्यायचंय? कोकणातल्या खाऱ्या हवेत हे काम कसं करायचं

क्राफ्टसाठी आणलेले पितळी कॉर्नर, बारक्या बिजागऱ्या, चार्म्स, घुंगरू, जाळीची फुलं हे सगळं पाकिटातून काढलं की इतकं चकचकीत असतं की फणसाच्या लाकडाच्या पेटीवर नाहीतर हाताने शिवलेल्या डायरीवर लावलं की पेटी आजीची आणि पितळ कालचं असं दिसतं. म्हणून ते आधी जुनं करून घ्यायचं. काम अवघड अजिबात नाही, लागणारं अर्धं सामान तुमच्या स्वयंपाकघरात आहे आणि उरलेलं हार्डवेअर, मेडिकल आणि कृषी केंद्रात मिळतं.

पण एक गोष्ट आधीच सांगते. यावरचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेच्या ठिकाणी केलेले असतात. तिथे रंग आला की काम संपलं. आपल्याकडे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहा, हवेत मीठ आहे आणि जून ते सप्टेंबर ओल आहे, त्यामुळे धातू जुना व्हायला फारसं काही करावं लागत नाही, खरी मेहनत तो हवा तिथे थांबवण्यात आहे. व्हिडिओ बघून जसंच्या तसं केलं तर दिवाळीत केलेली सुंदर हिरवी फुलं पुढच्या श्रावणात ओली होतात आणि खालच्या कागदावर हिरवे डाग उतरतात. म्हणून मी रंगापेक्षा धुणं, सुकवणं आणि सील करणं यावर जास्त बोलणार आहे, कंटाळा करू नका.

सुरुवात करायच्या आधी एखाद्या जुन्या घराच्या दाराची कडी आणि कोयंडा जवळून बघा, खरंच जवळ जाऊन. कडीचा जो भाग रोज हातात येतो तो पिवळा लखलखीत असतो, तिथे कधीच काळं धरत नाही. त्याच्या मागे, जिथे बोट पोचत नाही तिथे काळपट तपकिरी. आणि कोयंडा जिथे लाकडाला टेकतो त्या फटीत, जिथे पावसाचं पाणी थांबतं, तिथे बारीक हिरवी रेघ. म्हणजे जुनेपणा सगळीकडे सारखा नसतो, हात कुठे लागतो आणि पाणी कुठे थांबतं यावर तो ठरतो. तुमचा कॉर्नर पेटीवर कुठे बसणार, उघडताना बोट कुठे लागणार याचा विचार करून रंग ठेवा किंवा काढा, म्हणजे बघणाऱ्याला तो खरा वाटेल. सगळा तुकडा एकसारखा काळा केला की तो फक्त मळका दिसतो.

पहिली पायरी, धातू ओळखणं

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. बाजारात पितळी म्हणून मिळणारं सगळं पितळ नसतं. आधी चुंबक लावा, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर फक्त मुलामा आहे. नाही चिकटलं तर मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीने एक बारीक ओरखडा काढा. आतही पिवळंच दिसलं तर पितळ, लालसर दिसलं तर तांबं, राखाडी पांढरट दिसलं तर ते जस्ताचं मिश्रण आहे, स्वस्तातले बरेचसे चार्म्स असेच असतात. हातात घेतल्यावर एकदम हलकं आणि पांढरं असेल तर ॲल्युमिनियम. व्हिनेगर-मिठाच्या रेसिप्या खऱ्या तांब्या-पितळेवरच चालतात, ॲल्युमिनियम आणि स्टीलला त्याने रंग चढत नाही, त्यांच्यासाठी रंगकाम.

दुसरं म्हणजे पितळेवर बऱ्याचदा पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, ते चमक टिकवण्यासाठीच असतं त्यामुळे ते असेपर्यंत काहीही लावा, काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये, म्हणजे ॲसिटोनवालं, किंवा थिनरमध्ये थोडा वेळ बुडवून कापडाने पुसून काढा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

आणि देवाची भांडी, समई, खायची-प्यायची भांडी यांवर यातलं काहीही करू नका. तांब्याचा हिरवा कळंक विषारी असतो. घरातली खरोखर जुनी वस्तू असेल तर तिला आणखी जुनं करायची गरजच नाही.

धुणं

भांड्याच्या साबणाने घासून तेल काढा. मग बिंबल्या असतील तर एक बिंबली चिरून मीठ लावून त्यानेच घासा, नसतील तर भिजवलेली आमसुलं किंवा चिंच, यातल्या आंबटाने वरचा काळसर थर निघून धातू उघडा पडतो. परत साबण, परत पाणी. आता बघा, पाणी धातूवर सलग पसरलं तर स्वच्छ झालं, थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेलकट आहे. यापुढे उघड्या बोटांनी धरू नका, हातमोजे घाला, नाहीतर जिथे बोट लागलं तिथे रंग चढणारच नाही आणि ठसा कायमचा दिसतो.

ठोकून जुनं करायचं असेल तर ते आत्ताच, रंगाच्या आधी. जाड तुकडे, कॉर्नर, बिजागऱ्या, चाव्या एखाद्या पत्र्याच्या डब्यात मूठभर बारीक खडीबरोबर घालून झाकण लावून खडखडून हलवा, कडा आपोआप बोथट होतात आणि ओरखडे कुठल्याही दिशेने येतात. पॉलिश पेपरने मारलेले सगळे ओरखडे एका दिशेला जातात आणि लगेच ओळखू येतात, म्हणून मला डबा जास्त आवडतो. जाळीची नाजूक फुलं मात्र डब्यात टाकू नका, वाकतील.

रंग चढवणं

अगदी पहिल्यांदा करत असाल तर केमिकलच्या नादी लागू नका, ॲक्रेलिक रंगापासून सुरू करा, कुठल्याही धातूवर चालतो, चुकला तर पुसता येतो. काळा आणि गडद तपकिरी एकत्र करा, किंचित पाणी, ब्रशने खाचांमध्ये भरा, अर्धवट सुकला की ओलसर कापडाने वरवर पुसा, उंच भाग उघडे पडतात आणि खाचा काळ्या राहतात. काळं बूट पॉलिश पण असंच चालतं, लावा, थोडं थांबा, पुसा. नुसत्या गंजाचा भास हवा असेल तर तपकिरी रंगात काव मिसळा किंवा जांभ्या चिऱ्याची पूड वस्त्रगाळ करून रंग ओला असताना वरून भुरभुरा, जांभ्यात लोह भरपूर असतं त्यामुळे तो रंग आणि ती खरखर गंजासारखीच दिसते, विकतच्या पावडरीला इतकं चांगलं रूप येत नाही असं माझं मत. हिरवटपणा दाखवायला फिरोजी रंगात पांढरा घालून जवळजवळ सुक्या ब्रशने अगदी थोडा, फक्त फटींमध्ये. इथे हात आखडता ठेवा.

आता खरा रंग. तांब्याला आणि चांदीला काळपट तपकिरी करायचं असेल तर अंडं कडक उकडा, गरम असतानाच काट्याने कुस्करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, त्याच डब्यात तुकडे वाटीत ठेवा म्हणजे अंड्याला लागणार नाहीत. अंड्यातून गंधकाचा वायू सुटतो त्याने धातू काळा पडतो. काही तासांत फरक दिसतो, गडद हवं असेल तर रात्रभर ठेवा. पितळेवर हे हळू आणि फिकं होतं. वास येतो, पण धोका काही नाही, लहान मुलांबरोबर करायला हाच प्रकार सगळ्यात बरा.

हिरव्या-निळ्या रंगासाठी दोन रस्ते आहेत. अमोनियाचा रस्ता जोरदार आहे, बंद डब्यात तळाला झाकणभर अमोनिया, वर दोऱ्याला टांगलेले तुकडे, आधी त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचा हलका फवारा, काही तासांत तपकिरी आणि मग निळसर. पण अमोनियाचा वास डोळ्यात जातो, छातीत भरतो, पडवीत किंवा अंगणातच करायचं आणि ब्लीच त्याच्या जवळपास सुद्धा नको, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. ब्लीच आणि व्हिनेगरचंही तसंच.

नवीन माणसाला मी नवसागर सांगीन. कल्हईवाले वापरतात तोच. एक कप पांढरं व्हिनेगर, दोन चमचे नवसागर, एक चमचा खडेमीठ, विरघळेपर्यंत ढवळा. ब्रशने अगदी पातळ थर द्या, सुकू द्या, परत पातळ थर. एकदम ओतलं की ओघळ येतात आणि सुकल्यावर खपली होऊन निघतं. पहिल्या थरानंतर काहीच झालं नाही असं वाटतं, तुकडा फक्त मळकट पिवळा दिसतो. घुंगरावर केलंत तर नीट बघा, हिरवा रंग पहिल्यांदा तोंडाच्या चिरेत आणि कडीच्या मुळाशी धरतो, तिथे थेंब टिकतो म्हणून, आणि गोल पोटावर सगळ्यात शेवटी येतो. तिथपर्यंत आलं की थांबलात तरी छान, सगळं घुंगरू हिरवं करायलाच पाहिजे असं काही नाही.

याहून सावकाश पण फार सुंदर प्रकार म्हणजे भुसा. लाकडाच्या वखारीतून भुसा आणा, व्हिनेगर आणि मिठाने ओलसर करा, पिळलं तर पाणी गळणार नाही इतपत, त्यात तुकडे पुरा आणि डबा बंद. एक-दोन दिवसांनी काढा. भुशाचा कण जिथे टेकतो तिथे गडद आणि मध्ये फिकं असे ठिपके येतात, जे ब्रशने कधीच जमत नाहीत. फक्त पितळ आंबटात फार दिवस विसरू नका, वरचं जस्त निघून जातं आणि तुकडा गुलाबी तांबूस होतो. त्याच डब्यात लोखंडी खिळा किंवा स्टीलचा चिमटा राहिला तरी असंच होतं, सुटलेलं तांबं पितळेवर बसतं. म्हणून बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा.

लोखंडाला गंज आणायला तर आपल्या गावात फक्त ओटीवर ठेवायचं, पण घाई असेल तर आधी व्हिनेगरमध्ये काही तास, मग मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ घालून फवारा, फेस येतो आणि डोळ्यांदेखत लाल गंज चढतो. चष्मा घाला. उरलेलं मिश्रण बंद बाटलीत ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते, भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. लाल गंजापेक्षा काळं लोखंड हवं असेल तर हलका गंज आल्यावर बिनदुधाच्या एकदम कडक चहात बुडवा नाहीतर हिरडा उकळून त्या पाण्यात, त्यातलं टॅनिन गंजाला धरून निळसर काळं होतं, आणि असं काळं झालेलं लोखंड पुढे कमी गंजतं सुद्धा. मला लोखंडासाठी हाच प्रकार सगळ्यात पटतो.

जस्ताच्या स्वस्त चार्म्ससाठी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. सुपारीच्या बागेत कोळे रोगावर बोर्डो मिश्रण मारतात त्यातलाच, कृषी केंद्रात मिळतो. पाव चमचा मोरचूद कपभर पाण्यात, मुलामा पॉलिश पेपरने घासून जस्त उघडं केलं की त्यात बुडवा, काळं पडतं. तेच पाणी स्वच्छ लोखंडावर लावलं तर त्यावर तांब्याचा गुलाबी थर बसतो, पातळ असतो, जोरात घासू नका, पण बिजागरीवर अधूनमधून निघालेला तो थर जुन्या मुलाम्यासारखाच दिसतो. मोरचूद विष आहे, वेगळी बाटली, वर ठळक नाव, मुलांपासून लांब. आणि हे निळं पाणी व्हाळात किंवा विहिरीजवळ अजिबात ओतू नका, तांबं माशांना मारतं. बाटलीत ठेवून परत वापरा, संपवायचं असेल तेव्हा चुना घालून गाळ बसू द्या आणि गाळ सुकवून बांधून कचऱ्यात द्या.

आचेवर रंग हा एक प्रकार राहिला. तांब्याचा पत्रा गॅसवर चिमट्यात धरला की आधी केशरी, मग लालसर जांभळा, मग निळा असा सरकत जातो. हवा तो रंग यायच्या किंचित आधी बाजूला काढा कारण काढल्यावरही तो थोडा पुढे जातो, आणि कोरड्या चिऱ्यावर गार होऊ द्या. मुलामा दिलेलं, जस्ताचं किंवा डाख दिलेलं काहीही आचेवर धरू नका, जस्ताचा धूर वाईट आणि डाख वितळतो.

थांबवणं, म्हणजे आपल्याकडचं खरं काम

साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा दिवसच्या दिवस याच्या वर असते. आता तुमच्या कॉर्नरच्या खाचेत मिठाचा एक कण राहिला असेल तर तो दर पावसाळ्यात ओला होणार आणि काम परत सुरू होणार, वरून कितीही लॅकर मारा. समुद्राचं पाणी तर वापरूच नका, त्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड मिठापेक्षाही जास्त ओल धरतं, तुकडा कायम घामेजलेला राहतो. समुद्राकाठी राहतो म्हणून समुद्राचंच पाणी वापरावं ही कल्पना मोहाची आहे पण टिकत नाही.

तर असं करा. रंग चढला की एक पूर्ण दिवस सावलीत सुकू द्या, ओला हिरवा थर बोटानेही निघतो. मग आंबट वापरलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यात हलकेच बुडवून काढा. मग साध्या पाण्यात, पाणी बदलून दोन-तीनदा, न घासता नुसतं बुडवून ठेवून. तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचं पाणी पिण्याचं किंवा पागोळीचं घ्या, नाहीतर धुता धुता परत मीठच लावताय. थोडा हिरवा रंग या धुण्यात जाईल, जाऊ द्या, जो गेला तो पुढे कागदावर उतरणारच होता.

सुकवणं पण तसंच मनावर घ्या. दुपारच्या उन्हात, मग हेअर ड्रायर, जाळीच्या फुलांच्या आतून पाणी निघेपर्यंत. पावसाळ्यात शक्यतो सील करूच नका, लॅकर स्प्रे दमट हवेत मारला की सुकताना पांढरट धुरकट होतो आणि ते धुरकटपण रंगाच्या आत अडकतं. रंगाचं काम श्रावणात करून तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवले आणि सील ऑक्टोबरात केलं तर उत्तम. गणपतीच्या मखरासाठी घाईच असेल तर ॲक्रेलिक रंगाचाच प्रकार करा, हिरवा कळंक नको.

सील करायच्या आधी उंच भाग उघडे करा, बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून किंवा बारीक स्टील वूलने, दाराची ती कडी आठवून, कडा, कोपरे, स्क्रूच्या भोकाभोवती. हिरव्या थराची धूळ नाकात जायला नको म्हणून थोडं ओलं करून घासा, मास्क लावा आणि मग परत सुकवा.

सीलसाठी मेण किंवा लॅकर. मधमाशीचं मेण किंचित कोमट तुकड्यावर कापडाने चोळलं की रूप फार छान येतं, चमक येत नाही, पण हात लागणाऱ्या वस्तूवर ते वर्षाला परत लावावं लागतं. मॅट लॅकर जास्त टिकतं, दोन-तीन अगदी पातळ हात, मधे पूर्ण सुकू देऊन. दोन्हींनी रंग गडद होतो, विशेषतः ती पावडरी फिकी हिरवाई दबते, म्हणून सील करण्याआधी रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिकाच ठेवा. मागची बाजू आणि भोकाची आतली कड विसरू नका, कळंक तिथूनच परत शिरतो.

बसवताना

लोखंडी तुकडा थेट सागावर किंवा टॅनिन असलेल्या कुठल्याही लाकडावर ओल असताना बसवला तर लाकडात काळा डाग उतरतो, तो पुसून जात नाही. लाकडाला आधी पॉलिश मारून सुकू द्या आणि तुकड्याच्या मागे पण लॅकर असू द्या. कागदावर, डायरीवर बसवताना मध्ये पातळ कापडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घाला. खिळे, स्क्रू सुद्धा त्याच धातूचे घ्या, पितळी कॉर्नरला लोखंडी स्क्रू मारला तर खाऱ्या ओलीत लोखंड आधी खाल्लं जातं आणि पावसाळा संपेपर्यंत कॉर्नर शाबूत, पण स्क्रूचं डोकं गळून पडलेलं असतं. पितळी स्क्रू मऊ असतात, लाकडात आधी बारीक भोक पाडून घ्या, स्क्रूला थोडं मेण लावा आणि मग हाताने फिरवा, ड्रिल मशीनने नको, डोक्याची खाच तुटते.

कानातले, गळ्यातले करणार असाल तर त्वचेला लागणाऱ्या बाजूवर हिरवा रंग ठेवूच नका, ती बाजू साफ करून लॅकर मारा. घामाने तो उतरतो आणि मानेवर दिसतो.